थांब, कुंकू लावते

काल संध्याकाळी लॅपटॉपवरचा एक प्रोग्रॅम जाईना. अल्बम करायचा प्रोग्रॅम. भाच्याच्या मुंजीचे फोटो लावून झाले, म्हटलं आता पुरे, म्हणून 'फाइल' उघडून सगळ्यात खालचं 'एक्झिट' दाबलं. ढिम्म. पुन्हा मेन्यू उघडायला गेलो तर तोही उघडेना, नुसतं 'टिंग'. कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली, टिंग. चिडून चारपाचदा मारली, तितकीच टिंगटिंग. देवळात गेल्यासारखं वाटायला लागलं.

शेवटचं हत्यार माहीत होतं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबलं की टास्क मॅनेजर येतो, त्यात 'एंड टास्क' म्हणायचं. म्हणजे मानगूट धरून बाहेर. पण त्यात न साठवलेलं सगळं जातं, आणि मी चाळीस फोटोंखाली नावं लिहिली होती, त्यातली निम्मी आत्याला फोन करकरून.

बोट तिथेच थबकलं, कारण यादीत त्या प्रोग्रॅमपुढे 'नॉट रिस्पाँडिंग' लिहिलेलं नव्हतं. पाच सेकंद हाका मारून ओ आली नाही की विंडोज तो शिक्का मारतं. इथे तो नव्हता. म्हणजे गडी शुद्धीवर होता, ऐकत होता, फक्त दारातून हलत नव्हता.

आमची मावशी अशीच एकदा दारात पाऊण तास उभी होती. पायात चपला, हातात पिशवी. आई "थांब, कुंकू लावते" म्हणून आत गेली, तेवढ्यात दूध उतू गेलं, आणि ओटा पुसता पुसता आई मावशीला साफ विसरली. मावशी तरी कशी जाणार? कुंकवाशिवाय सवाशीण उंबरा ओलांडत नाही. बाबा आपले दोनदा येऊन म्हणाले, "अगं, निघायचं होतं ना तुला?"

टिंगचा उलगडा झाला तो साडेसातला, मालिकेच्या वेळी. हॉलमधून आईची हाक आली, "अरे, टीव्हीवर हे काय आलंय? सेव्ह करू का विचारतंय."

आदल्या दिवशी हेच फोटो सगळ्यांना टीव्हीवर दाखवले होते आणि वायर तशीच राहिली होती. प्रोग्रॅम मी लॅपटॉपच्या पडद्यावर ओढून आणला, पण त्याच्या प्रश्नाच्या चौकटीने जुनीच जागा धरली. बंद टीव्हीच्या काळ्या काचेमागे ती बिचारी तासभर उत्तराची वाट बघत होती.

आता बाण तिथवर न्यायचा. मी आतल्या खोलीत माउस ढकलतोय, आई बाहेरून वाट सांगतेय : "वर... अजून वर... अरे, डावीकडे, डावीकडे! हां, आता दाब." (नुसतं एंटर दाबलं असतं तरी भागलं असतं, हे जेवताना सुचलं.)

दाबलं. प्रोग्रॅम गेला.

"गेला का?" आई म्हणाली. "मग रिमोट कुठे ठेवलायस तेवढं सांग."