काका, स्टँड!

दिवाळीत भाचा घरी आला, फराळाची बशी हातात घेऊन तसाच खाली पार्किंगमध्ये गेला आणि माझ्या मोटारसायकलच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला. चकलीचा तुकडा तोंडात टाकून त्याने टायरवरून बोट फिरवलं आणि निदान केलं, "मामा, तू आयुष्यात कधी वळलाच नाहीस."

मी वाकून पाहिलं. टायर मधोमध पार गुळगुळीत झाला होता. दोन्ही कडा मात्र नव्याकोऱ्या, रबराची बारीक लवसुद्धा अजून शाबूत. मधे टक्कल आणि कानांवर दाट केस. गच्चीतून माझ्याकडे पाहणाऱ्याला माझं डोकं असंच दिसत असणार.

एकतीस वर्षं मी पुण्यात दुचाकी चालवतोय. स्वारगेटचा चौक रोज दोनदा पार करतो. लक्ष्मी रस्त्यावर गौरी-गणपतीच्या आदल्या संध्याकाळी गाडी घातली आहे आणि पाय न टेकता बाहेर काढली आहे. अशा माणसाला सव्वीस वर्षांचा पोरगा सांगतो की तू वळलाच नाहीस.

"मग ऑफिसातून घरी कसा येतो मी?"

"कोपऱ्यावर हळू करतोस आणि हँडल फिरवतोस. त्याला वळणं नाही म्हणत, मामा. त्याला चुकवणं म्हणतात."

पुढे बहिणीने मध्यस्थी करायच्या ऐवजी आगीत तेल ओतलं, आणि जानेवारीत मी भाच्याबरोबर चेन्नईला होतो. बंगळूरच्या हमरस्त्याला, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टै नावाचं गाव आहे. हे नाव मला विमानात पाठ करावं लागलं. तिथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे. क्लब १९५३ सालचा. पूर्वी त्यांच्या शर्यती शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या एका धावपट्टीवर व्हायच्या. नंतर त्यांनी हा स्वतःचा ट्रॅक बांधला. जेमतेम पावणेचार किलोमीटर लांब आणि बारा वळणं. आमच्या घरापासून मंडईपर्यंत याहून जास्त वळणं आहेत, असं मी भाच्याला म्हणालो. तो हसला नाही.

आधी पोशाख. हेल्मेटसक्तीविरुद्ध सभा भरवणाऱ्या गावातून मी आलेला, आणि तिथे हेल्मेट ही फक्त सुरुवात होती. त्यानंतर पाठीला कासवासारखं कवच, घोट्याच्या वर जाणारे बूट, कोपरापर्यंत येतील असे हातमोजे आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे चामड्याचा एकसंध सूट. तो अंगात शिरावा म्हणून आधी बाळासारखी पावडर लावायची. सूट शिवलेलाच असतो गाडीवर ओणवं झालेल्या माणसाच्या मापाने. त्यामुळे त्यात सरळ उभं राहता येत नाही. चेन्नईच्या उन्हात पंधरा-वीस माणसं गुडघ्यात वाकून, हात पुढे लोंबकळत ठेवून इकडून तिकडे फिरत होती. उत्क्रांतीच्या तक्त्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या चित्रातली मंडळी वाटावीत अशी.

मग गाडीची तयारी. मला तिथलीच भाड्याची गाडी मिळाली होती, पण शेजारचा एक जण घरून आणलेल्या गाडीला आंघोळीला बसवल्यासारखा एकेक अलंकार उतरवत होता. आरसे काढले. पुढच्या-मागच्या दिव्यांवर आणि इंडिकेटरांवर चिकटपट्ट्या मारल्या, म्हणजे पडल्यावर काचा ट्रॅकभर होऊ नयेत. नंबरप्लेट गेली. साइड स्टँड गेला. आरसे का काढायचे, असं मी प्रशिक्षकाला विचारलं. ते म्हणाले, "मागून येणाऱ्याची काळजी मागून येणाऱ्याने घ्यायची. तुम्ही फक्त पुढे बघा." मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. हे तत्त्व आम्ही पुण्यात आरसे शाबूत ठेवून पाळतो.

ट्रॅकवर पहिल्या फेरीला निघालो तेव्हा मला ज्याची भीती वाटली तो वेग नव्हे. भीती वाटली ती रिकाम्या रस्त्याची. पुणेकराला समोर मोकळा रस्ता दिसला की तो सावध होतो. पुढे काहीतरी झालेलं असणार. त्यात सगळे एकाच दिशेने चाललेले. प्रत्येक वळणाला माझी नजर आपोआप डाव्या कडेला जात होती, की तिकडून कोणी "हे काय, इथे तर जायचंय" असा चेहरा करून उलटा येतोय का. कोणी आलं नाही. डावा अंगठा फेरीत दहा वेळा हॉर्नवर गेला आणि लाजून परत आला.

दुपारी प्रशिक्षकांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं, त्यावर माझा आजही पुरता विश्वास बसलेला नाही. वेगात असताना उजवीकडे वळायचं असेल तर उजवं हँडल पुढे ढकलायचं. म्हणजे पुढचं चाक क्षणभर डावीकडे वळतं, गाडी उजवीकडे कलते आणि मग कललेली गाडी स्वतःच उजवीकडे वळते. मी म्हटलं, मी असलं काही कधीच केलेलं नाही. ते म्हणाले, रोज करताय, फक्त तुम्हाला माहीत नाही. रात्री भाच्याने माहितीत भर घातली. सायकली विकता विकता विमान बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बरने कितीतरी सायकलस्वारांना विचारलं होतं, डावीकडे कसे वळता? एकालाही धड सांगता आलं नाही. मला बरं वाटलं. अज्ञानातसुद्धा चांगली संगत लागते.

दुसरा धडा नजरेचा. नजर जाते तिकडे गाडी जाते, त्यामुळे चाकापुढचा रस्ता न बघता वळणाच्या पार शेवटाला बघायचं. तिसरा टायरचा. टायरची पकड पगारासारखी मोजकीच असते. ब्रेकवर सगळी उधळली तर वळायला काही उरत नाही. म्हणून ब्रेक आधी, गाडी सरळ असतानाच. मग बाहेरून आत यायचं, वळणाच्या आतल्या कोपऱ्याला, म्हणजे एपेक्सला, जवळजवळ शिवायचं आणि परत बाहेर पडायचं. ही तिथली 'लाइन'. तिचा उच्चार तिथे आपल्याकडे 'घराणं' म्हणतात तशा आदराने होतो. विशीतल्या एका मुलीने मला दोनदा मागे टाकलं आणि नंतर पाण्याच्या पिंपाशी हळूच सांगितलं, "अंकल, युवर लाइन इज राँग." एवढं हळू बोलायची गरज नव्हती. सगळ्यांना दिसतच होतं.

चौथ्या खेपेला, एका लांबलचक उजव्या वळणावर ते जमलं. ब्रेक आधीच मारून झाला होता. मान वळवून मी पलीकडच्या टोकाला असलेल्या निळ्या पिंपाकडे पाहिलं आणि उजवा तळवा किंचित पुढे दाबला. गाडी आडवी होत गेली. मी काहीच करत नव्हतो. डांबर गुडघ्याजवळ आल्यासारखं वाटलं, इंजिनचा आवाज एकाच पट्टीत लागून राहिला आणि पिंप आपणहून समोर आलं. सारा मामला दोन-तीन सेकंदांचा. पुढच्याच वळणावर हुरळून जाऊन मी कडेच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांवर चढलो, ते सोडा. आत आल्यावर हातमोजा काढून टायरच्या कडेवर बोट फिरवलं. कोमट होती आणि तिच्यावर खोडरबराच्या चुऱ्यासारखे रबराचे बारीक गोळे जमले होते. मुलांच्या परीक्षेआधी डायनिंग टेबलावर असायचे तसे. टायर भाड्याच्या गाडीचा होता, एवढंच दुःख.

रात्री भाच्याने फोनवर आयल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीची चित्रफीत दाखवली. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधे असलेल्या या बेटावर १९०७ पासून भर रस्त्यात मोटारसायकली पळवतात. रस्ता म्हणजे नेहमीचा, ज्याच्यावरून एरवी माणसं दळण-किराणा आणतात तो. एक फेरी साठ किलोमीटरची. मधे गावं, दगडी गडगे, दिव्याचे खांब, लोकांची फाटकं. २०२३ साली पीटर हिकमनने अशी फेरी ताशी २१९ किलोमीटरच्या सरासरीने मारली. एका घराच्या कुंपणाशी खुर्ची टाकून एक म्हातारी चहा पीत होती आणि तिच्या पायांपासून हातभर अंतरावरून ही माणसं जात होती. आजवर अडीचशेहून अधिक स्वार त्या रस्त्यावर गेले. इटलीच्या जाकोमो आगोस्तिनीने तिथे दहा शर्यती जिंकल्या होत्या. १९७२ साली मित्र तिथे मेला, तेव्हा तो म्हणाला की मी आता इथे येणार नाही, आणि आला नाही. मी फोन परत दिला. मला ट्रॅक पटला होता, रस्ता तर माझाच होता, पण दोघांचं लग्न लावू नये.

पुण्याला परतल्यावर हेच मी आठ दिवस विसरलो. पहिल्याच सकाळी कोपऱ्यावरच्या वळणाला मी बाहेरून आत आलो. नजर पार पलीकडे होती. बरोबर जिथे एपेक्स यायला हवा तिथे शहाळेवाल्याची हातगाडी होती. पलीकडच्या टोकाला बघत राहिल्यामुळे रंग न मारलेला गतिरोधकही दिसला नाही. मागे बसलेल्या बायकोने माझ्या खांद्यात बोटं रुतवली. आमच्याकडे वेगाचं नियंत्रण वर्षानुवर्षं याच यंत्रणेने होतं आणि ती कधी नादुरुस्त झालेली नाही. "चेन्नईला काय शिकवलं तुम्हाला?" तिने विचारलं. मी शहाळं घेतलं.

मग मला हळूहळू कळू लागलं की इथे मी रस्ता बघतच नाही. मी माणसं बघतो. रिक्षावाल्याचा पाय बाहेर आला की रिक्षा त्या अंगाला वळणार. स्कूटरचा इंडिकेटर लागलेला असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही, तो कालपासून चालू असू शकतो. पण चालवणारीची मान अर्धा इंच हलली तर ती नक्की वळणार. कडेला लावलेल्या मोटारीत डोकं दिसलं की दार उघडणार. बस थांबली की तिच्या पुढून कोणीतरी धावणार, आणि त्याच्या मागून त्याची पिशवी घेतलेली बायको. म्हैस निघाली की थांबत नाही, म्हणून तिच्या मागून जायचं. कुत्रं अर्ध्यातून परततं, म्हणून त्याच्या बाबतीत काहीच ठरवायचं नाही. हे मला कोणी शिकवलं नाही, आणि भाच्याला हे येत नाही. तो शहरात दुचाकी चालवतच नाही. त्याची गाडी टेम्पोत घालून ट्रॅकवर जाते आणि तो ऑफिसला कॅबने जातो. त्याला भीती वाटते म्हणे. मी त्याला हसलो नाही. फराळाच्या वेळचं उट्टं काढायला यापेक्षा बरी संधी मिळेल.

ट्रॅकवर निशाणं असतात. पिवळं म्हणजे पुढे धोका आहे, कोणाला मागे टाकू नका. लाल म्हणजे खेळ थांबला. पिवळ्या-लाल पट्ट्यांचं म्हणजे रस्ता निसरडा. आपल्याकडे खड्ड्यात कोणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवतो आणि तिच्या शेंड्याला फडकं बांधतो. अर्थ तोच, शिवाय मार्शल नेमावा लागत नाही. पण त्या निशाणांमधलं एक मला फार आवडलं. काळ्या कापडावर मधोमध नारिंगी गोळा, सोबत तुमच्या गाडीचा नंबर. म्हणजे तुमच्या गाडीत काहीतरी बिघडलंय, तुम्हाला दिसत नाहीये, बाहेर या. कोणीतरी भर उन्हात उभं राहून आपल्या गाडीकडे आपल्यापेक्षा बारकाईने बघत असतं, हे ऐकून मला बरं वाटलं होतं आणि असं कोणीतरी आपल्या ओळखीचं आहे असंही वाटत राहिलं होतं.

परवा शनिपाराजवळ उलगडा झाला. शेजारून स्कूटरवर एक मुलगी गेली. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये. जाता जाता ती ओरडली, "काका, स्टँड!" आणि वळून न बघता दिसेनाशी झाली. मी टाचेने स्टँड वर घेतला. खाली राहिलेला स्टँड डावीकडे वळताना रस्त्याला टेकतो आणि गाडी उचलून फेकतो, हे ज्याने एकदा पाहिलंय तो अनोळखी माणसाला ओरडून सांगितल्याशिवाय राहत नाही. एरवी आपल्याला धड रस्ता न देणारं हे गाव एवढं मात्र सांगतंच. ओढणी चाकाशी गेली तर सांगतं, पिशवीतून मेथी सांडत असेल तर सांगतं. आता बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये स्टँड खाली असला की गाडी निघतच नाही, इंजिन बंद पडतं. सोय चांगली आहे. पण मग कोणी कोणाला हाक मारणार नाही.

त्या दिवशीची ती तिसरी हाक होती, म्हणून घरी जाताना मेकॅनिककडे थांबलो. स्टँडची स्प्रिंग सैल झाली होती. नवी टाकली, ७० रुपये. मागचा टायरही बदलायला झालाय, असं तो म्हणाला. मधोमध पार गेलाय, कडा मात्र अजून नव्या आहेत.