भांडवलशाही हाजिर है?

लालबाग-परळच्या चाळींत एक नमुना अजून टिकून आहे. ह्या माणसाला भांडवलशाही उलथून टाकायची असते, पण रीतसर. नोटीस देऊन, दोन्ही बाजू ऐकून, इतिवृत्त लिहून, अध्यक्षांची सही घेऊन.

आमचे कॉम्रेड काका ह्यातलेच. गिरणीच्या साचे खात्यात बदली कामगार म्हणून लागले आणि कायम व्हायच्या आधीच १८ जानेवारी १९८२ उजाडली. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, त्यात हेही. तो संप अधिकृतपणे कुणी मागे घेतलाच नाही. बाकीचे हे विसरले, काका नाहीत. काकूंनी दळण आणायला सांगितलं, की पेपरातून मान वर न करता म्हणतात, "मी संपावर आहे." मग उठून दळण आणतात.

खांद्याला शबनम. तिच्यात कार्बन पेपर, पोटफुगी झालेली डायरी आणि कुठल्याशा बंद पडलेल्या समितीचा रबरी शिक्का. "नोंद करा" हे त्यांचं पालुपद. बस उशिरा आली, तर कंडक्टरला "नोंद करा". चहात साखर कमी पडली, तर काकूंना "नोंद करा". काकूंच्या नोंदी वेगळ्या. बाजारात भाजीवालीशी घासाघीस करणं काकांच्या तत्त्वात बसत नाही. उलट श्रमाचं मूल्य म्हणून ते दोन रुपये वर देऊन येतात. त्यामुळे त्यांना भाजीला पाठवायचं नाही, ही पहिली नोंद.

पण काकांचा खरा सण १ मे. सकाळी चाळीच्या मांडवात सत्यनारायण असतो आणि संध्याकाळी त्याच मांडवात, त्याच माईकवर, 'जनता विरुद्ध भांडवलशाही' हे अभिरूप न्यायालय भरतं. प्रेक्षक म्हणजेच ज्युरी, आणि ज्युरी सकाळचा शिरा खाऊनच बसते. न्यायाधीश आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर आरोपीच काय, फिर्यादीही घाबरतो. पुकारा करायचं काम माझ्याकडे.

अभिरूप न्यायालय म्हटलं की कुणीतरी 'शांतता! कोर्ट चालू आहे' म्हणतोच. काका लगेच उसळतात. "अरे, तेंडुलकरांच्या त्या नाटकात मूळ खटला कुणावर होता? अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन! आरोप अण्वस्त्रांचा! तो राहिला बाजूला आणि सगळे तुटून पडले बेणारे बाईंवर. मोठा आरोपी सुटतो तो असा. नोंद करा."

म्हणून त्यांच्या कोर्टात मोठ्या आरोपीला सुटायला जागा नसते. निदान तसा त्यांचा समज आहे. अडचण त्यांच्या स्वभावात आहे. आरोपीला बचावाची पूर्ण संधी मिळालीच पाहिजे, ह्या हट्टापायी बचाव पक्षाची भाषणंही तेच लिहून देतात, आणि ती फिर्यादीच्या भाषणांपेक्षा सरस उतरतात. अॅडम स्मिथला बचावाचा साक्षीदार म्हणून उभा करायचा आणि उलटतपासणीत फितूर करायचा, हा त्यांचा जुना डाव. मजुरी वाढू नये म्हणून मालक आपसात संगनमत करतात, हे स्मिथनेच १७७६ साली लिहून ठेवलंय, असं काका विजयी मुद्रेने सांगतात. पण एका वर्षी बचावाचा वकील झाला तिसऱ्या मजल्यावरचा पोरगा. तो गिरणीच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरात नोकरीला. त्याने काकांचंच कपाट उचकून मार्क्स-एंगल्सचा १८४८ चा जाहीरनामा काढला आणि विचारलं, भांडवलदार वर्गाने इजिप्तच्या पिरॅमिडांहून मोठे चमत्कार घडवले, हे कुणी म्हटलंय? टाळ्या पडल्या. हात मोजले, तर आरोपी निर्दोष! काकांनी निकाल स्वतःच्या अक्षरात उतरवला, शिक्का मारला आणि त्या पोराला जवळ घेऊन म्हणाले, "उत्तम. आता पुढची पानंही वाच." मग माईकवरून जाहीर केलं, की अपील पुढच्या एक मे रोजी.

साक्षीदारांत काकू एकदाच आल्या. संपाच्या दिवसांत त्यांच्या खानावळीवर घर तरलं होतं. गिरणगावातल्या अशा खानावळवाल्यांना प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, हे काकांनी प्रास्ताविकात सांगितलंच. बचावाच्या वकिलाने काकूंना विचारलं, "म्हणजे तुम्हीही भांडवल घालून नफा कमावलात?"

"भांडवल म्हणजे माझ्या पाटल्या," काकू म्हणाल्या. "आणि नफा म्हणजे महिनाअखेरी ह्यांच्या पुस्तकांवर जायचा तो."

पुढच्या वर्षी त्यांना समन्स निघालं नाही.

भांडवलशाहीचं काम करतो तो दणकट, पोट सुटलेला गडी लोअर परळच्या एका मॉलमध्ये कंत्राटी सुरक्षारक्षक आहे. पुठ्ठ्याची उंच टोपी घालून तो असा काही हसतो, की पोरं रडतात. गेल्या खेपेला मी तीनदा पुकारा केला, "भांडवलशाही हाजिर हैऽऽ?" कुणी आलं नाही. मग फोन आला. कामगार दिनाची सुट्टी त्याला मिळाली नव्हती; वर डबल ड्युटी लावली होती. मांडवात हशा पिकला. काका हसले नाहीत. न्यायासनासमोर मोबाईल धरून म्हणाले, "हा फोन निशाणी एक म्हणून दाखल करून घ्यावा." त्या दिवशी हात मोजायची गरजच पडली नाही.

शिक्षा मात्र दर वेळी राहते. दोषी ठरवेपर्यंत दहा वाजतात आणि माईक बंद करावा लागतो. ह्या खेपेला सतरंज्या गुंडाळताना विषय निघाला. कुणी म्हणालं, फाशी. काका म्हणाले, "फाशीला माझा तात्त्विक विरोध आहे." मग जन्मठेप? "आणि त्याला पोसायचं कुणी?" काकूंनी विचारलं. मग उरलेला शिरा डब्यात भरता भरता त्यांनीच शिक्षा सुनावली. "त्याला बदली कामगार करा. भोंगा झाला की रोज गेटवर उभं राहायचं. काम असलं तर आत, नसलं तर घरी."

मांडव खूश! मुख्याध्यापिकांनीही मान डोलावली. काकांनी डायरी उघडली, पेन काढलं आणि तिथेच थबकले.

"असं कसं चालेल?" ते म्हणाले. "दोनशे चाळीस दिवस भरले, की त्याला कायम करावं लागेल!"