छत्तीस गुण, पन्नास ओहम

अहो, मी कुणाचं नाव घेणार नाही. आपल्याला काय करायचंय! पण गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला आमच्या डोंबिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर चार पुरुष एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढून एका तळहाताकडे बघत उभे होते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तळहातावर एटीएम कार्डाएवढं काहीतरी चमकत होतं. त्यात पिवळ्या-निळ्या रेघा. एकाने विचारलं, "डिप कुठंय?" तळहातवाला हलक्या आवाजात म्हणाला, "सहा पॉइंट पंच्याण्णवला." चौघांनीही असा सुस्कारा सोडला की मला वाटलं, कुणाचा तरी रिपोर्ट वाईट आला.

रिपोर्टच होता. तारेचा.

हॅम रेडिओ म्हणतात त्याला. हौशी माणसांनी सरकारी परवाना काढून बिनतारी यंत्रावर जगभर गप्पा मारायच्या. त्यासाठी परीक्षा असते, केंद्राच्या दूरसंचार खात्यातली डब्ल्यूपीसी शाखा परवाना देते, बारा वर्षांचं पोरसुद्धा परीक्षेला बसू शकतं. पास झालं की व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारं बिनतारी बारसं. इथवर माझी काही तक्रार नाही. आपल्याकडे घरटी एक माणूस तबला, ट्रेकिंग नाहीतर शेअर करतोच, त्यात हे आणखी एक. शिवाय यांच्या भाषेत बायकोला 'एक्सवायएल', म्हणजे माजी तरुणी, म्हणतात. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना हे कळलं त्या दिवशी काकांना संध्याकाळचा चहा मिळाला नाही. तेही आपण सोडून देऊ.

पण आता रेडिओ बाजूलाच राहिला आहे हो! आता हवा असतो तो ॲनालायझर. खिशात मावणारा. ठाण्यात घोडबंदर रोडच्या विसाव्या मजल्यावर, कल्याणात खडकपाड्याला, आमच्या फडके रोडच्या मागच्या गल्ल्यांत, जिथे जावं तिथे एकच विषय, "तुमचा किती आला?" मधुमेहाचे पेशंटसुद्धा इतक्या वेळा विचारत नाहीत.

पूर्वी म्हणे असं नव्हतं. ॲनालायझर म्हणजे अमेरिकेतल्या एमएफजे कंपनीचा २५९बी, दोन काट्यांचा, दहा पेन्सिल सेल खाणारा डबा. सगळ्या कंपूत तो एकाकडे असायचा आणि बाकीचे त्याला लग्नकार्यातल्या भटजींसारखं बोलावून न्यायचे. मग एका जपानी हौशाने 'नॅनोव्हीएनए' नावाचा चिमुकला अवतार रचला, आराखडा जगाला खुला करून टाकला आणि २०१९ च्या सुमारास चिनी कारखान्यांनी तो घाऊक काढला. काही हजार रुपयांत घरपोच! भटजींचं महत्त्व एका रात्रीत संपलं. २०२४ च्या मे महिन्यात तर एमएफजेनेही उत्पादन थांबवलं. आता ज्याच्या घरात ॲन्टेना नाही त्याच्याही घरात ॲनालायझर आहे. हसू नका, मला असे दोन माहीत आहेत.

हे यंत्र करतं काय? पत्रिका जुळवतं. अगदी खरं सांगते. रेडिओ पन्नास ओहमचा, त्याची केबल पन्नास ओहमची, म्हणून ॲन्टेनानेही पन्नासच्या आसपास असावं ही रेडिओकडच्यांची अपेक्षा. यंत्र तारेत अगदी क्षीण लहर सोडतं आणि त्यातली किती परत येते ते ऐकतं. नाही जुळलं, की पाठवलेली शक्ती मानपानात रुसलेल्या व्याह्यासारखी अर्ध्या वाटेवरून माघारी. या माघारीचा हिशोब म्हणजे एसडब्ल्यूआर. एकास एक आला की छत्तीसच्या छत्तीस गुण.

आता माझ्यासारखीने विचारावं, छत्तीसच कशाला हवेत? दीडास एक आला तर शंभरातले चार वॉट परत येतात. दोनास एक आला तरी अकरा. शंभर वऱ्हाडी पाठवले आणि चार अर्ध्यातून घरी गेले, तर कुणी लग्न मोडलं म्हणतं का? आणि गंमत अशी की मधोमध केबल जोडलेली साधी तार, जिला हे डायपोल म्हणतात, ती मोकळ्या आकाशात मुळातच ७३ ओहमची असते. म्हणजे बिचारी जन्मतःच दीडास एकच्या आसपास. याच ७३ आकड्याने हे लोक एकमेकांचा निरोप घेतात, 'सेव्हन्टी थ्री' म्हणजे शुभेच्छा. ज्या आकड्याने शुभेच्छा द्यायच्या, तोच तारेत दिसला की तोंडं पाडायची! याला काय म्हणावं?

बरं, सोवळंओवळं किती! यंत्र लावण्याआधी त्याचं कॅलिब्रेशन. तीन चिमुकली पितळी टोपणं असतात, ओपन, शॉर्ट आणि लोड. एकेक लावायचं, काढायचं, बटण दाबायचं. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः. हे आचमन केल्याशिवाय आलेलं माप बाटलेलं. त्यातलं 'लोड' नावाचं टोपण मागे चौथ्या मजल्यावर हरवलं तेव्हा काकांनी कणकेचा डबासुद्धा चाळून पाहिला. (ते देवघरात सापडलं. गोपाळकृष्णापुढे. काकूंना ते अत्तराच्या कुपीचं झाकण वाटलं होतं.) पडद्यावर एक स्मिथ चार्टही दिसतो, अमेरिकेतल्या बेल लॅबच्या फिलिप स्मिथने १९३९ मध्ये छापलेला, वर्तुळात वर्तुळं. आमच्याकडे पाडव्याच्या स्वागतयात्रेला रस्ताभर घालतात ती संस्कारभारतीची रांगोळी कुणीतरी एका बाजूला ओढल्यासारखी. तिच्या बरोबर मध्यावर ठिपका आला की मोक्ष.

तर त्या रविवारी डिप, म्हणजे एसडब्ल्यूआरची रेघ सगळ्यात खाली जाते ती जागा, सहा पॉइंट पंच्याण्णवला होता आणि यांना हवा होता सात पॉइंट एकला. खाली आला याचा अर्थ तार लांब आहे. सात पॉइंट एक मेगाहर्ट्झला सगळी मिळून साधारण ६६ फूट तार लागते, दोन्हीकडे तेहेतीस-तेहेतीस. एकाने पक्कड काढली. काका म्हणत होते, "अरे, कापू नका, टोक दुमडून बघा," पण तरुण रक्त! दोन्ही टोकांची वीतभर तार कापली. पुन्हा मोजलं. सात पॉइंट एक! एकास एक पॉइंट एक! मंडळींनी फोटो काढले. यंत्राच्या पडद्याचे हं, ॲन्टेनाचे नाहीत.

दुपारी बाराला काका वर जाऊन बघतात, तर डिप सात पॉइंट पंचवीसला. आपल्याकडे त्यांना सात पॉइंट दोनच्या पलीकडे बोलायची मुभाच नाही. तार आता आखूड! कुंपणाबाहेर! चौघांत फोनाफोनी. हवामान, ऊन, बलून... बलून नव्हे, 'बलन' म्हणतात कशाला तरी, त्याच्यावर संशय. चौघांतल्या कल्याणच्या मुलाने तर चिनी यंत्रात खोट काढली.

आता तुम्ही आपले म्हणून सांगते. तारेची दोन्ही टोकं उतरत उतरत कठड्याजवळ येतात. शनिवारी रात्री मी मशीन लावलं होतं. आमच्या दोरीवर जागा नव्हती, म्हणून दोन ओल्या सोलापुरी चादरी मी त्या टोकांवर टाकल्या. आणि अकराला, वाळल्यावर, काढून आणल्या. ओलं कापड टोकाला लोंबलं की तार जणू लांबते, डिप खाली येतो, हे काकांनी मला नंतर, जरा थंड झाल्यावर, समजावलं. पण मला सांगा, चार जाणती माणसं, दोन तास, आणि एकाचीही नजर वर जाऊ नये? दोन लालभडक चादरी! पडद्यावर दिसल्या नाहीत, म्हणून त्या नव्हत्याच.

असल्या हकिकती ठाण्यापासून कल्याणापर्यंत हव्या तेवढ्या. घोडबंदरवाल्यांना गच्ची मिळत नाही, म्हणून ते बाल्कनीच्या ग्रिललाच ॲन्टेना चिमटवतात. मग माप कुणाचं येतं? ॲन्टेनाचं, ग्रिलचं, कुंडीतल्या तुळशीच्या लोखंडी स्टँडचं आणि यंत्र धरणाऱ्या हाताचंसुद्धा, कारण हात हलला की रेघ हलते. एक गृहस्थ म्हणे मोजताना बायकोला उजव्या पायावर उभं करतात, तेव्हाच एक पॉइंट दोन येतो. दुसरे एक, यंत्र जोडलेलं विसरून रेडिओचं बटण दाबून बसले. जे यंत्र क्षीण प्रतिध्वनी ऐकण्यासाठी कान टवकारून बसलेलं, त्याच्या कानात थेट वॉट ओतले! जागच्या जागी गेलं. कुटुंबात तीन दिवस सुतकी शांतता होती. आणि तिसरे, यंत्र, गुंडाळलेली तार आणि बॅटरी पिशवीत घालून लोकलने निघाले आणि स्टेशनवरच्या बॅगतपासणीत अडकले. परवान्याची प्रत जवळ होती म्हणून सुटले, पण ऑफिसला लेट मार्क.

एवढं करून ठाण्याचा आवाज डोंबिवलीत येतो का? दोन मीटरच्या बँडवर विचारा! मध्ये मुंब्र्याचा डोंगर आडवा बसलाय. ठाणेकर म्हणतो, "माझा एक पॉइंट शून्य पाच आहे." आमचा म्हणतो, "माझाही." आणि दोघंही हे एकमेकांना मोबाइलवरून सांगतात.

याच्यावर काका एकदा चिडून जे बोलले ते मला पटलं, म्हणून चुगली थांबवून सांगते. १९३९ मध्ये महायुद्ध लागलं तसे इंग्रजांनी हौशी रेडिओवाल्यांचे परवाने काढून घेतले होते, यंत्रं जमा करायला लावली होती. तरी १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत छुपा काँग्रेस रेडिओ सुरू झाला. तो चालवणाऱ्या उषा मेहता तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या. यंत्र उभं करण्यात नरिमन प्रिंटर होते, सामानाला शिकागो रेडिओचे नानिक मोटवानी. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरायच्या, म्हणून बिऱ्हाड सारखं हलवायचं, १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत. आणि लहर कोणती? ४२.३४ मीटर. भागाकार करा, सात पॉइंट शून्य आठ मेगाहर्ट्झ! म्हणजे आमच्या गच्चीवर ज्याच्यासाठी चादरींचं महाभारत झालं, तोच बँड. "त्यांनी प्रत्येक नव्या जागेत तार टाकली, ती काय आधी स्मिथ चार्टवर ठिपका मधोमध आणून?" काका म्हणाले. "२००४ च्या त्सुनामीत भारती प्रसाद अंदमानात पोर्ट ब्लेअरहून निरोप पोहोचवत होत्या. लोक आपला माणूस जिवंत आहे का विचारत होते, एसडब्ल्यूआर नाही."

मग त्यांनी कपाटातून एक डबी काढली. डमी लोड. आत पन्नास ओहमचा रोध, बाकी काही नाही. ॲनालायझरला जोडली आणि काय सांगू, एकास एक! ठिपका बरोबर मध्यावर, खालपासून वरपर्यंत रेघ सपाट. मी म्हटलं, "काका, मग हेच लावा की गच्चीवर!" तर म्हणे यातून आवाज शेजारच्या खोलीपलीकडे जायचा नाही. जे घालाल ते गिळून नुसतं गरम होतं. छत्तीस गुण जुळलेली अशी जोडपी आपल्याही पाहण्यात आहेत.

मागच्या जुलैत काकांचाच एसडब्ल्यूआर कसा सुधारला होता, तेही मला तेव्हाच कळलं. पाऊस जसा वाढला तसा आकडा खाली, दीड, एक पॉइंट तीन, एक पॉइंट एक. स्वारी खूश. पण हाकेला ओ कुणी देईना. शेवटी केबल कापली तर आतून चहाच्या रंगाचं पाणी! भिजलेली केबल जाताना अर्धं गिळत होती, येताना उरलेलं गिळत होती, यंत्रापर्यंत परत काही येतच नव्हतं. यंत्र म्हणालं, वा, काय जुळलंय!

आता खरा खमंग भाग. आमच्या सोसायटीच्या सभेत विषय निघाला. सेक्रेटरींनी गच्चीची चावी जप्त करण्याचा ठराव आणला. तारेमुळे रेडिएशन होतं, वीज पडते, पतंग अडकतात, शिवाय गेटवरचा सीसीटीव्ही दोन महिने बंद आहे तोही याच तारेमुळे. काका काही बोलले नाहीत. खिशातून ते कार्ड काढलं, आचमन केलं आणि वॉचमनच्या केबिनमधल्या रेकॉर्डरमागची केबल त्याला जोडली. म्हणे केबल जिथे तुटते तिथून लहर आपटून परत येते, परत यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर सांगतं. पडद्यावर रेघेने उसळी घेतली. चौदा मीटर.

टेप आणली. अख्खी सभा टेपच्या मागे. केबिनपासून भिंतीने वर, डक्टला वळसा, बारा मीटर, तेरा मीटर... चौदाव्या मीटरला पहिल्या मजल्यावरची बाल्कनी. तीच, जी परवानगी न घेता आत घेतल्याची कुजबुज आपण तीन वर्षं करतोय. एसीच्या पाइपसाठी भिंतीला नवंकोरं भोक पाडलेलं आणि त्या भोकातून आमची केबल आरपार गेलेली.

बाल्कनी कुणाची, ते मी सांगणार नाही. फक्त एवढंच, की ठराव मागे घेतला गेला आणि गच्चीची चावी हल्ली चौथ्या मजल्यावर काकांच्या खुंटीला असते. चादरी वाळत घालायच्या तर मला तिथूनच मागून आणावी लागते.