सिंगापूर ते क्वालालंपूर : अंतर काढण्याची शास्त्रोक्त रीत

हे अंतर काढू इच्छिणाऱ्याने स्नान करून पूर्वेकडे तोंड करून बसलेच पाहिजे असे नाही; पण मन शांत हवे. कारण पहिल्याच पायरीला उत्तरे तीन येतात. विमानतळ ते विमानतळ, सरळ रेषेत, सुमारे ३०० किलोमीटर. तेच १८६ मैल. तेच वैमानिकांच्या सागरी मैलांत १६२. तिन्ही खरी. तिकीट काढताना सर्वांत लहान आकडा धरावा. घरी परतल्यावर शेजाऱ्यांना सर्वांत मोठा सांगावा.

आता सरळ रेषा विसरावी. विमान वारा अंगावर घेऊन उडते आणि तसेच उतरते. क्वालालंपूर वायव्येला आहे, म्हणून सिंगापूरच्या चांगी विमानतळावरचे विमान वायव्येला निघेल, या भ्रमात राहू नये. डिसेंबर-जानेवारीत ईशान्य मोसमी वारे असताना ते बहुधा आधी ईशान्येकडे तोंड करते आणि मग वळते. दुपारी ढग गडगडले तर घिरट्या निराळ्या. हवेत एकूण पाऊण तास लागतो. वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या आसपास लिहिलेले असते. फरक कोणी खाल्लेला नाही. विमान जागचे हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात, धावपट्टीपर्यंतचे रांगणेसुद्धा.

घड्याळाला हात लावू नये. दोन्हीकडे वेळ एकच. ती एक राहावी म्हणून सिंगापूरने केवढा त्याग केला आहे! १९८२ उजाडताना मलेशियाने आपली वेळ अर्धा तास पुढे नेली, सिंगापूरनेही नेली. ३१ डिसेंबरच्या रात्री साडेअकरा वाजले आणि लगेच बारा. तेव्हापासून तिथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि कोणाची तक्रार नाही. घड्याळाची गंमतच हवी असेल त्याने जकार्ता गाठावे. सिंगापूरहून अंतर सुमारे ८८० किलोमीटर, उड्डाण पावणेदोन-दोन तासांचे, पण तिथले घड्याळ एक तास मागे. म्हणून सकाळी दहाला निघून अकराच्या आत पोहोचता येते. परतताना तो तास व्याज न लावता परत घेतात.

यापुढे मसाला. कोंबडी चार आण्यांची असली तरी हा बारा आण्यांचाच पडतो. घर ते चांगी पाऊण तास. उड्डाणाच्या दोन तास आधी हजेरी. उतरल्यावर शिक्का आणि बॅग, आणखी पाऊण तास. शिवाय उतरतो ते क्वालालंपुरात नव्हे, तर सेपांगला. १९९८ साली सुरू झालेला हा विमानतळ शहरापासून पन्नासहून अधिक किलोमीटर दूर आहे. जलद रेल्वे २८ मिनिटांत नेते. फलाट शोधायला लागणारा वेळ स्वतःच्या खाती मांडावा. एकूण बेरीज साडेपाच तासांच्या घरात जाते.

दोन शहरांना दीड तासात जोडणारी वेगवान रेल्वे येणार होती. ती २०२१च्या १ जानेवारीला रद्द झाली, म्हणून ती या हिशेबात धरू नये.

राहिली बस. सिंगापूरला मलेशियाशी जोडणाऱ्या, १९२४ साली खुल्या झालेल्या जोहोरच्या बांधावर गर्दी नसेल, तर तिला पाच-सहा तास लागतात. म्हणून आपल्याबरोबरच घरातून निघालेला मावसभाऊ झोप काढून ताजातवाना हॉटेलच्या दारात उभा दिसला, तर "कधी आलास?" असे विचारू नये. तो सांगतो.