जाहीरनामाच वाचायला द्या

अमेरिकेतल्या बारावीच्या मुलांना विचारलं, तुमच्या देशात यादवी युद्ध कशामुळे पेटलं? समोरच्या पर्यायांतून गुलामगिरी निवडणारी मुलं निघाली शेकडा आठ. जवळपास निम्म्यांनी करांच्या वादावर खूण केली. सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या नागरी हक्क संस्थेचा हा अहवाल 2018 सालचा. मुलांना बोल लावू नका. त्यांना जे शिकवलं, तेच त्यांनी लिहिलं.

टेक्सास बघा. तिथला अभ्यासक्रम निवडून आलेल्या पंधरा जणांचं शिक्षण मंडळ ठरवतं. 2010 च्या अभ्यासक्रमात युद्धाच्या कारणांचा क्रम असा: प्रादेशिक तेढ, राज्यांचे हक्क आणि सगळ्यात शेवटी गुलामगिरी. गुलामगिरीच्या विस्ताराला मध्यवर्ती जागा मिळायला 2018 उजाडलं. मधल्या काळात जी मुलं शाळेतून बाहेर पडली, त्यांच्या डोक्यात तो जुना क्रमच राहिला असणार.

‘राज्यांचे हक्क’ हे कारण तर साफ खोटं आहे, आणि त्याचा पुरावा दक्षिणेनेच लिहून ठेवला आहे. देशातून सगळ्यात आधी फुटून निघालेल्या दक्षिण कॅरोलायनाने डिसेंबर 1860 मध्ये आपली कारणं जाहीर केली. त्यांची तक्रार काय होती? उत्तरेकडची राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत. त्यांनी आपापल्या विधिमंडळांत कायदे करून गुलाम पकडण्यात अडथळे आणले. न्यूयॉर्कची न्यायालयं तर गुलाम बरोबर घेऊन नुसतं तिथून पुढे जाऊ देत नाहीत. म्हणजे उत्तरेकडच्या राज्यांनी आपले हक्क वापरले, हेच दक्षिणेचं दुखणं होतं! केंद्राने त्या राज्यांना वाकवावं, गुलाम धरून मालकाच्या हवाली करावेत, ही त्यांची मागणी होती. काही आठवड्यांनी मिसिसिपीने तर आपली सगळी बाजू गुलामगिरीशीच बांधलेली असल्याचं पहिल्या काही ओळींतच सांगून टाकलं. सोळा वर्षांच्या मुलीला हे कागद वाचायला द्या. तिला ‘राज्यांचे हक्क’ म्हणून कोणी फसवू शकणार नाही.

मग हा खोटेपणा वर्गात शिरला कसा? ठरवून घुसवला. युद्ध हरलेल्या दक्षिणेतल्या ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या संघटनेच्या मिल्ड्रेड रदरफोर्ड यांनी 1920 च्या सुमारास पाठ्यपुस्तकं तपासायची एक पट्टीच छापली. दक्षिण गुलाम राखण्यासाठी लढली असं ज्या पुस्तकात असेल, ते नाकारा, असं त्या पट्टीत स्पष्ट लिहिलं होतं. पुस्तक खपायचं तर दक्षिणेत खपलं पाहिजे, प्रकाशक नमले. आणि हे जुनं झालं असं कोणी समजू नये. 2023 साली फ्लोरिडाने आपल्या नव्या निकषांत गुलामांना शिकायला मिळालेली कौशल्यं काही वेळा त्यांच्या स्वतःच्या फायद्याची ठरली, असं घातलं. माणसाला विकत घेऊन राबवलं आणि त्याचा फायदा मोजायचा तो त्याच्याच खात्यात. संताप यावा असंच हे वाक्य आहे.

जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या लोकांना. निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. युद्ध संपून जेमतेम आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसून जोतीरावांना ते युद्ध कशासाठी झालं हे नीट समजलं होतं. ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा ते लढले, त्यांच्या मुलांना मात्र ते समजू नये यासाठी मंडळं बसतात.

अमेरिकन इतिहासाच्या ‘एपी’ या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षेत मुलांपुढे सात कागदपत्रं ठेवून त्यांवरून निबंध लिहायला सांगतात. उत्तम पद्धत आहे. पण ‘एपी’ सगळीच मुलं घेत नाहीत. बाकीच्या वर्गाला पाठ्यपुस्तकातला परिच्छेद आणि खाली पाच प्रश्न. मूळ कागद वाचायचा हक्क फक्त हुशार ठरवलेल्यांनाच का? दक्षिण कॅरोलायनाचा जाहीरनामा मोजक्या पानांचा आहे. एका तासिकेत वाचून होतो, दुसऱ्या तासिकेत त्यावर भांडता येतं.

मराठी घरांतली मुलंही टेक्सासात, फ्लोरिडात, न्यू जर्सीत याच वर्गांत बसतात. त्यांचे आईबाप ‘एपी’त पाचपैकी किती पडले हे न चुकता विचारतात. पुढच्या पालकसभेत त्यांनी आणखी एक विचारावं: आमच्या मुलांना 1860 चा तो जाहीरनामा कधी वाचायला देणार? आणि शिक्षण मंडळाच्या निवडणुकीत मत असेल, तर ते जाऊन द्यावं.