डायबेटिक मिठाईचा पहिला डबा : नवशिक्यांसाठी

सामग्री : नात्यात एक मधुमेही माणूस (सासरे किंवा आत्या असल्यास उत्तम), आपल्याला स्वतःला मधुमेह नसणं, आणि रिकाम्या हातानं जायची लाज.

पहिली गोष्ट जमवायला हल्ली त्रास पडत नाही. आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे 2023 साली छापून आलेले आकडे सांगतात की देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, म्हणजे साधारण दर नऊ प्रौढांत एक. दुसरी अट मात्र काटेकोर पाळावी. हा डबा माझ्या पाहण्यात तरी ज्याला साखर आहे तो फारसा घेत नाही. घेतो त्याच्याकडे जाणारा.

पायरी 1. वाशीत सेक्टर 17 असो, नेरूळ असो की खारघर, मिठाईच्या मोठ्या दुकानात काचेचा एक कोपरा वेगळा असतो. त्यावर हिरवी पाटी आणि पाटीवर एक पान. कशाचं पान, ते विचारू नये. ‘भैया, इसमें शक्कर है क्या?’ एवढंच विचारावं. उत्तर ठरलेलं आहे : ‘एक दाना नहीं, मॅडम. सिर्फ खजूर और अंजीर.’

आता तुम्हाला हायसं वाटायला हवं. वाटत नसेल तर तुम्ही नवशिके नाही, पान उलटा. तुर्भ्याच्या एपीएमसीत जो खजूर पोत्यानं उतरतो, त्याच्या 100 ग्रॅममध्ये साठ-पासष्ट ग्रॅम साखरच असते. ती कुणी घातली असं म्हणता येत नाही, कारण ती झाडानं घातलेली असते. सोबत तंतू असतात, त्यामुळे ती जरा सावकाश चढते, हे मान्य. पण चढते. शेजारच्या ट्रेमध्ये ‘सेंद्रिय गुळाची’ बर्फी असेल, तिच्याबद्दल दोन वाक्यंही खर्च करत नाही. ग्लुकोमीटरला गुळाचा रंग दिसत नाही.

पायरी 2. आता खरोखरच्या शुगर फ्री काजू कतलीकडे वळा. इथे थोडं थांबू, कारण सगळी मेख इथेच आहे. कतलीतली साखर नुसती गोडीसाठी नसते. तिचा पाक काजूच्या पुडीला धरून ठेवतो, तिला लाटता येण्याजोगी करतो आणि किलोतला मोठा वाटा स्वतः भरतो. साखरेऐवजी घालतात ते सुक्रालोज तिच्या सुमारे सहाशेपट गोड. किलोभर साखरेची गोडी आणायला ते दोन ग्रॅमही लागत नाही. गोडी आली, पण ते किलोभर साखरेचं वजन कुठून आणायचं? तिथे मग जास्तीचे काजू येतात, खवा येतो, नाहीतर माल्टिटॉल नावाची साखरेसारखीच गोड पूड. शंभर ग्रॅम काजूत चाळीसहून जास्त ग्रॅम चरबी असते, खव्यात दुधाची स्वतःची साखर असते. पाटीवर मात्र जे काढलं त्याचंच नाव, जे भरलं त्याचं नाही.

(चहातल्या गोळीला हा नियम लागू नाही. चहाला साखरेकडून फक्त गोडी हवी असते. तिथे गोळी आपलं काम चोख करते.)

सुटी मिठाई घेताना आणखी एक गंमत. 1 ऑक्टोबर 2020 पासून दुकानदाराला ट्रेवर ‘अमुक तारखेपर्यंत खावी’ असं लिहावं लागतं. म्हणजे कधीपर्यंत खायची ते कळतं, खाल्ल्यावर काय होईल ते नाही.

पायरी 3. चॉकलेट. सीवूड्सच्या मॉलमध्ये किंवा औषधांच्या दुकानात, गल्ल्याशेजारी, खोकल्याच्या गोळ्यांच्या वर. हे पाकीटबंद असल्यानं मागे छापील तक्ता असतो. नवशिक्यांनी तो वाचू नये, कारण पहिल्याच ओळींत माल्टिटॉल भेटतं. साखरेच्या एका ग्रॅममागे 4 कॅलरी, माल्टिटॉलच्या सुमारे 2.4. शंभर ग्रॅमच्या पट्टीत 45 ग्रॅम साखर होती आणि तिच्या जागी तेवढंच माल्टिटॉल आलं, असं धरा. वाचल्या 72 कॅलरी. मूळ पट्टीत होत्या पाचशेच्या वर. उरलेल्या कोको बटरला मधुमेहाशी काही देणंघेणं नाही, ते जागच्या जागी आहे. शिवाय माल्टिटॉलनंही रक्तातली साखर वाढते. कमी वाढते, इतकंच.

तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक इशारा असतो : यातल्या पॉलिऑलमुळे (माल्टिटॉल त्याच कुळातलं) जुलाब होऊ शकतात. हा इशारा कायद्यानं छापावा लागतो, दुकानदार तो वाचून दाखवत नाही. तेव्हा अख्खी पट्टी संपवून संध्याकाळी सहा वाजता सायन-पनवेल महामार्गावर गाडी काढू नये.

युरोपात या प्रकाराला एकेकाळी सरकारी दर्जा होता. मग तिथल्याच तज्ज्ञांनी विचारलं की मधुमेह्याला वेगळं अन्न हवंच कशाला. जर्मनीनं 2010 मध्ये ‘डायबेटिक’ खाद्यपदार्थांचे खास नियम रद्द केले, 2016 पासून युरोपीय संघाच्या कायद्यातूनही हा वर्ग गेला. आपल्याकडे कोपरा अजून हिरवा आहे.

पायरी 4. डबा देणं. उंबऱ्यावरच जाहीर करा : ‘आत्या, शुगर फ्री आहे हं, बिनधास्त खा!’ या एका वाक्यासाठीच आपण चढा भाव मोजलेला असतो. साध्या काजू कतलीचा एक तुकडा, म्हणजे साधारण चमचाभर साखर, आत्यांनी जेवणानंतर मोजून-मापून खाल्ला असता आणि मनात टोचणीही लावून घेतली असती. बिनधास्त या शब्दावर मात्र त्या चार तुकडे खातात. कॅलरी दोनशेच्या वर, म्हणजे दोन पोळ्यांचा ऐवज, आणि पोळ्या तर व्हायच्याच आहेत. जेवणानंतर दोन तासांनी त्यांनी बोट टोचून पाहिलं आणि आकडा वर निघाला, तर दोष वांग्याच्या भाजीतल्या बटाट्याला द्यायचा अशी घरोघरी पद्धत आहे.

तरीही घ्यायचीच म्हणता? मग पाकीटबंद घ्या, ‘शुगर’ची ओळ सोडून ‘कार्बोहायड्रेट’ची वाचा, आणि सगळ्यात छोटा डबा उचला. मला विचाराल तर सत्तर टक्के कोकोच्या साध्या काळ्या चॉकलेटचा दहा ग्रॅमचा चौकोन बरा. त्यात साखर तीनेक ग्रॅम, आणि कडू असल्यानं दुसरा कुणी मागत नाही.

पायरी 5. इन्सुलिन किंवा काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्याची साखर कधी कधी एकदम उतरते. समजा, सकाळी नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ला फेऱ्या मारताना आत्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. नवशिका लगबगीनं पिशवीतून डायबेटिक चॉकलेट काढतो. या घडीला ते कुचकामी आहे : हवी ती साखर त्यात नाही, आणि चरबी असल्यानं जे आहे तेही उशिरा पोचतं. आत्या शुद्धीवर असतील आणि गिळू शकत असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट रुग्णवाहिका. साखर जवळपासच्या चहाच्या टपरीवर असतेच. टपरीवाला तिचे पैसेही घेणार नाही.