देशीकाका

प्रत्येक सोसायटीत एक देशीकाका असतात. निवृत्त होईपर्यंत त्यांना कढीपत्ता आणि कडुनिंब यांतला फरक सांगता येत नसतो. मग एका सप्टेंबरात ते कासचं पठार बघून येतात आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या कुंड्या परक्या ठरतात. "बोगनवेल? ब्राझीलची! गुलमोहर? मादागास्करचा!" दसऱ्याला तोरण बांधणाऱ्याची शिडी धरून ते सांगतात, "झेंडू मेक्सिकोचा बरं का!"

काकांची निष्ठा सोनकीवर. श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीचे उतार पिवळेधमक करणारी ती सोनकी. कासला फूल तोडायला बंदी, म्हणून बी घाटाखालच्या एका बांधावरून, मालकाला विचारून आणलेलं. हा प्रामाणिकपणा ते वॉचमनलाही ऐकवतात.

जागा मात्र आंब्याखालची. ऊन सकाळी दहापर्यंत, पुढे समोरच्या इमारतीची सावली. सोनकी वाढते उघड्यावर, पाणी न थांबणाऱ्या मुरमाड मातीत. काका तिला गांडूळखत घालतात, जिवामृत पाजतात, रोज संध्याकाळी तब्येतीची चौकशी करतात. इतक्या लाडाने ती पानांनी माजते, उजेडाकडे लांबत जाते आणि शेवटी आडवी होते. काका तिला काठी लावतात, दोन-चार फुलं आली की अख्ख्या विंगला बोलावतात. आम्ही जातो. फुलांआधी काठी दिसते.

काकू बटाटेवडे घेऊन येतात. बटाटा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आलेली, पण ते काढायचं नसतं. काकूच एकदा म्हणाल्या, "अहो, तुमच्याच पुस्तकात लिहिलंय, सोनकी आणि झेंडू एकाच कुळातले, सूर्यफुलाच्या." काका वडा गिळून म्हणाले, "असतील. भाऊबंदकी कुठल्या कुळात नसते?"

तरी काकांना हसून सोडून देऊ नका. त्यांच्यामुळे आमच्या पोरांना फुलाचं गाव विचारायची सवय लागली. अर्धवट सावलीत पिवळं देशी फूल हवंच असेल, तर पिवळी कोरांटी लावा. पावसाळ्यात फांदी खोचली तरी रुजते, फारसं काही मागत नाही, पाऊस सरता सरता फुलते, आणि काट्यांमुळे क्रिकेटवाली पोरं लांब राहतात. काकांना मात्र फुलल्यावरच दाखवा. आधी दाखवलीत, तर ते तिलाही खत घालतील.